एकटीसाठी दिवे

तिकिटाच्या खिडकीत हात घालून मी एक तिकीट मागितलं की आतला माणूस आधी माझ्याकडे बघायचा आणि मग माझ्या खांद्यावरून मागे. मागे कोणी नसायचं. मग तो विचारायचा, "बाकीचे कुठे आहेत?"

पुण्यातल्या बहुतेक सगळ्या लहानसहान संग्रहालयांत मला हा प्रश्न विचारला गेला आहे. कुठे मला सहलीच्या पुढे आलेली शाळेतली बाई समजले आणि मुलं बसमधून उतरली का म्हणून दारात जाऊन पाहून आले. कुठे साहेब गाडी लावतायत का, अशी चौकशी झाली. एका ठिकाणी तर पहारेकऱ्यानं मला खुर्ची दिली, पंखा लावला आणि तपासणी आज आहे हे आम्हाला वरून कोणी कळवलंच नाही हो, म्हणून हळहळला. पन्नाशी उलटलेली, चष्मा लावलेली, खांद्याला कापडी पिशवी अडकवलेली बाई नुसतं बघायला आली असेल, आणि तीही एकटी, हे कोणाच्या डोक्यातच येत नव्हतं. सुरुवातीला मी खुलासे करायचे. पुढे पुढे "बाकीचे कोणी नाहीत, मीच आहे" एवढंच म्हणायला लागले, आणि तेही जरा चढ्या आवाजात.

बँकांनी स्वेच्छानिवृत्ती काढली तेव्हाची ही गोष्ट. आमच्या शाखेत आधी संगणक आले आणि त्यांच्या पाठोपाठ परिपत्रक आलं, की ज्यांना जायचं असेल त्यांनी जावं. यात स्वेच्छा नक्की कोणाची, हे विचारायची पद्धत नव्हती. मी गेले. मुलगा तोवर हिंजवडीच्या नोकरीतून अमेरिकेत पोचला होता. यजमान पिंपरीच्या कारखान्यातून निवृत्त होऊन शब्दकोड्यांना लागले होते. कोथरूडच्या आमच्या सोसायटीतल्या बायकांनी माझ्यासाठी भिशी, भजनी मंडळ आणि हास्यक्लब अशी तिन्हीकडे जागा धरून ठेवली होती. सकाळी उठून बागेत हात वर करून कारण नसताना हसायचं, हे मला काही जमलं नाही. कारण असताना मी पुरेशी हसते.

बँकेच्या वाटेवर एका संस्थेच्या आवारात 'दगड व खनिजे संग्रहालय' अशी पाटी होती. नोकरीची सगळी वर्षं मी ती बसच्या खिडकीतून वाचली होती. निवृत्तीनंतर एके दिवशी काही कामासाठी त्याच बसनं निघाले आणि त्या स्टॉपवर उतरले. काम तसंच राहिलं. आत एका काचेच्या पेटीत हिरवे स्फटिक होते, पोपटाच्या पिसासारखे, आणि खाली लिहिलं होतं की हे इथेच, पुण्याजवळ, विहीर खणताना सापडले. ज्या जमिनीवर मी जन्मभर चपला झिजवल्या तिच्या पोटात हे होतं आणि मला कोणी सांगितलं नव्हतं, याचा मला आधी राग आला आणि मग फार आनंद झाला. किती तरी वेळ मी तिथे उभी होते. मधे कोणी चहा मागितला नाही, किल्ली कुठे आहे असं विचारलं नाही.

त्यानंतर मला नादच लागला. पाहुण्यांना दाखवायची ती मोठी, प्रसिद्ध संग्रहालयं मला नको होती. ती मी नणंदा-भावजयांच्या मुलांना घेऊन इतक्यांदा पाहिली होती की तिथे मला फक्त मुलांच्या पाण्याच्या बाटल्या आठवतात. मी लहान, कोपऱ्यातली शोधायला लागले. जुन्या शेतीच्या अवजारांचं एक. डॉक्टरकीच्या मुलांसाठी असलेलं, बरण्यांत हृदयं आणि फुप्फुसं ठेवलेलं एक. वाद्यांचं एक, जिथे सगळ्या तारा सैल सोडलेल्या होत्या. नाण्यांचं एक, तिथे मी सुट्टीवर असल्यासारखी फिरले, कारण ती नाणी मला मोजायची नव्हती. सोसायटीत कोणाला सांगितलं तर म्हणायचे, "अहो, मग कात्रजचं सर्पोद्यान बघा ना, नातवंडं आली की सगळ्यांना घेऊन जाता येईल." नातवंडं येणार, मग सगळे मिळून जाणार, मग मी साप बघणार. म्हणजे साप बघायलासुद्धा मला नातवंडांची शिफारस हवी.

बायका मला थेट काही बोलल्या नाहीत. त्यांनी लिफ्टमध्ये यजमानांना गाठलं आणि घरी सगळं ठीक आहे ना, असं हळू आवाजात विचारलं. यजमान म्हणाले, "ठीक आहे. ती सध्या बरण्यांतली काळजं बघतेय." ते तसे सज्जन आहेत, फक्त जीभ पेठेतली आहे. मला मात्र ते दर वेळी म्हणायचे, एकटी कशाला जातेस, पुढच्या रविवारी मी येतो. तो पुढचा रविवार कधी आला नाही. खरं सांगायचं तर तो येऊ नये अशीच माझी इच्छा होती.

'एकटीसाठी कशाला' हे वाक्य मी किती जणींच्या तोंडून ऐकलं असेल! माझी आई घरात एकटी असली की चूल पेटवायची नाही. सकाळची भाकरी आणि लसणाची चटणी उभ्या उभ्या खायची. सासूबाई दुपारी सगळे बाहेर गेले की पंखा बंद करायच्या. आणि मी, बँकेत कॅशच्या पिंजऱ्यात बसून पुरुषांना रांगेत उभं करणारी मी, यजमान गावाला गेले की कालची आमटी गरमही न करता खायची. हे कोणी आम्हाला करायला लावलं नव्हतं. आम्ही आपणहून करत होतो आणि वर त्याला साधेपणा म्हणत होतो. पन्नाशीनंतर मला या साधेपणाचा भयंकर संताप यायला लागला. असा उशिरा आलेला संताप लवकर जात नाही.

त्यात अमेरिकेची भर पडली होती. आमच्याकडे बाळंतपणाची एक पद्धत बसून गेली आहे. पहिले सहा महिने सुनेची आई जाते, तिची परवानगीची मुदत संपत आली की मुलाची आई. कारखान्यात पाळी बदलते तसं. विमानतळावर एक आई उतरते, दुसरी चढते. मेथीचे लाडू आणि डिंक कोणी आणायचा तेवढं फोनवर ठरतं. पहिल्या नातीच्या वेळी मी माझी पाळी केली होती. नातीला अंघोळ घालताना मला जे सुख झालं ते मी नाकारणार नाही. पण त्या शहरात, मुलानंच सांगितलं होतं, कुठेतरी जुन्या शिवणयंत्रांचं एक संग्रहालय होतं. मी म्हटलं, मला सोड तिथे, मी बघते आणि बसून राहते. तो म्हणाला, "एकटी काय जाशील, आपण सगळे मिळून जाऊ एका शनिवारी." शनिवारी वाणसामान असायचं. सहा महिने वाणसामान होतं. मी परत आले.

सूनही तिथे नोकरी करते, संगणकातलीच. तेव्हा नुकतीच ती परत कामावर जायला लागली होती. संध्याकाळी आली की गाडी खाली लावायची आणि तशीच गाडीत बसून राहायची. इंजिन बंद, दिवे बंद. वरच्या खिडकीतून मला ती दिसायची. मग थोड्या वेळानं वर यायची आणि दार उघडल्याबरोबर नातीला उचलून घ्यायची. मी तिला कधी विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती.

आता दुसऱ्या बाळंतपणाची वेळ आली होती आणि या खेपेला पहिली पाळी माझी होती. मुलाचा फोन दर रविवारी सकाळी यायचा. त्यानं तिकीट काढायचं ठरवूनच टाकलं होतं. मला तारीख विचारली नव्हती, कळवली होती. मी म्हटलं, विचार करून सांगते. तो हसला आणि म्हणाला, "आई, विचार कसला करायचाय? तू आता रिकामीच आहेस ना."

मी फोन ठेवला आणि बसस्टॉपवर गेले. दिव्यांचं संग्रहालय मला सापडलं ते त्या दिवशी.

पेठेतल्या एका बोळात, खाली झेरॉक्सचं दुकान असलेल्या तीनमजली इमारतीत, पहिल्या मजल्यावर ते होतं. मालक सत्तरीचे, इस्त्रीचा पांढरा शर्ट, आवाज कोरडा. सगळी नोकरी त्यांनी वीज खात्यात केली होती. ज्या ज्या खेड्यात तारा पोचल्या तिथले लोक दुसऱ्या दिवशी कंदील आणि चिमण्या उकिरड्यावर टाकायचे, आणि हे ते उचलून घरी आणायचे. राहत्या घराच्या दोन खोल्या त्यांनी त्यात घालवल्या होत्या. समया, लामणदिवे, रेल्वेचे लाल-हिरव्या काचांचे कंदील, लग्नाच्या वरातीतल्या गॅसबत्त्या, सायकलला लावायचे दिवे, एका डॉक्टरांचा तपासणीचा दिवा. प्रत्येकाचं गाव त्यांना पाठ होतं. पण हे सगळं बघायचं ते ट्यूबलाइटच्या उजेडात. दारावर पाटी होती: 'किमान दहा व्यक्ती असल्यासच दिवे लावून दाखवले जातील. आग्रह करू नये.'

मी आग्रह केला.

ते म्हणाले, आपण दहा जण घेऊन या, मी सगळे लावतो. मी म्हटलं, मी आले आहे. ते म्हणाले, तेल भरायचं, वाती सारख्या करायच्या, काचा पुसायच्या, खिडक्यांना काळे पडदे लावायचे. एका माणसासाठी एवढा खटाटोप कोण करतं, बाई? हे त्यांनी जराही उद्धटपणे म्हटलं नाही. सूर्य पूर्वेला उगवतो हे सांगावं तसं सांगितलं. त्यामुळेच ते मला जास्त लागलं.

घरी येऊन यजमानांना सांगितलं. ते म्हणाले, सोपं आहे, भजनी मंडळ घेऊन जा, दहाच्या जागी पंधरा होतील, प्रसादही होईल. मी म्हटलं, नाही. मला आता नुसते दिवे बघायचे नाहीत. मी एकटी बघायला आले तर ते लागतात की नाही, हे मला बघायचं आहे. यजमानांनी कोड्यातून डोकं वर काढलं आणि म्हणाले, "आधी लगीन दिव्यांचं. चालू दे."

पुढच्या रविवारी मी परत गेले. दहा जमले का, असं दिवेवाल्यांनी विचारलं. नाही म्हटलं. मग? मग मी बसते, असं म्हणून मी दाराजवळच्या बाकावर बसले. ते आत गेले, बाहेर आले, एका कंदिलाची काच पुसली, पुन्हा आत गेले. एक वाजला तसे म्हणाले, "एक वाजला. आता बंद." मी उठले. त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. या वेळी आतून पाण्याचा तांब्या आला. कोण ठेवून गेलं ते मला दिसलं नाही. हातात हिरव्या बांगड्या होत्या एवढं दिसलं. एक जोडपं आलं, पाटी वाचली आणि कुजबुजत निघून गेलं. मला थोडी लाज वाटली. सत्याग्रह म्हणावा तर कारण केवढंसं! पण उठून गेले असते तर मला घरी कालच्या आमटीचा वास आला असता, म्हणून मी बसून राहिले.

त्यानंतरच्या रविवारी मी जिना चढत होते तोच वरून गलका ऐकू आला. कर्वेनगरच्या कुठल्या कॉलेजची मुलंमुली आली होती, दहापेक्षा बरीच जास्त. खिडक्यांवर काळे पडदे चढले होते, रॉकेलचा वास येत होता. दिवेवाले घाईत होते, तरी मला पाहून त्यांचा चेहरा उजळला. म्हणाले, "या, बाई, या. आज तुमचं नशीब. बसा मुलांबरोबर."

मी दारात उभी होते. आत गॅसबत्तीला कोणीतरी हवा भरत होतं. जायला काय हरकत होती? काहीही नव्हती. इतके दिवस ज्यासाठी येत होते ते पाच पावलांवर पेटत होतं. पण मला माहीत होतं की मी आत गेले तर ते दिवे त्या मुलांसाठी लागलेले असतील आणि मी त्यात बसवून घेतलेली असेन. जन्मभर मी अशीच बसवून घेतली गेले होते, मोटारीत, पंगतीत, फोटोत, सहलीत. मी म्हटलं, "नको. मी पुढच्या रविवारी येते." आणि जिना उतरले. मागून एका मुलीनं विचारलेलं ऐकू आलं, "त्या आजी चिडल्या का?" हो, बाळ, आजी चिडल्या होत्या.

यजमानांना हे सांगितलं तेव्हा मात्र त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, "दिवे पेटले होते ना? तू तिथेच होतीस ना? मग परत का आलीस?" मला नीट सांगता येईना. रागानं डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, खरंच आपलं डोकं फिरलंय, लोक म्हणतात ते बरोबर आहे. त्या आठवड्यात मुलाचा पुन्हा फोन आला, तिकिटाचं काय, आणि मी पुन्हा सांगते म्हटलं. सुनेशीही बोलले. ती दमलेली वाटली. का कोण जाणे, मी तिला दिव्यांची सगळी हकिकत सांगितली, पाटीसकट. ती हसेल असं वाटलं होतं. ती एवढंच म्हणाली, "मग आता पुढच्या रविवारी जाणार ना तुम्ही?"

गेले. दिवेवाले दारातच उभे होते. त्यांनाही झोप लागली नसावी असा चेहरा. या खेपेला बाकावर बसायच्या आधीच त्यांनी मला गाठलं. म्हणाले, मला एकदा समजावून सांगा, आपल्याला नक्की हवंय काय? फुकटात दिवे लावले होते त्या दिवशी आपल्यासाठी, आणि आपण पाठ फिरवून गेलात.

मी म्हटलं, "माझ्यासाठी नव्हते लावले. त्यांच्यासाठी लावले होते." आणि मग विचारलं, की तुम्ही स्वतः कधी हे सगळे दिवे लावून, शांत बसून पाहिलेत का?

ते चपापले. म्हणाले, मी? गट आला की मी धावपळीत असतो, कोणाचा पदर, कोणाची ओढणी, लहान मुलं. आणि एरवी माझ्या एकट्यासाठी कशाला लावायचे?

माझ्या आईचं वाक्य एका पुरुषाच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. मी काही बोलणार तेवढ्यात आतल्या खोलीच्या दारातून आवाज आला. हिरव्या बांगड्यांचे हात पदराला पुसत त्यांची बायको उभी होती. ठेंगणी, सावळी, नाकात मोरणी. नवऱ्याकडे न बघता त्या माझ्याकडे बघत बोलल्या.

"मी तर पेटलेले पाहिलेच नाहीत अजून. गट आला की मी आत चहा करत असते."

दिवेवाले म्हणाले, असं कसं होईल, इतकी वर्षं झाली. त्या म्हणाल्या, इतकी वर्षं चहा झाला. यावर त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. पुण्यात उत्तर नसणं ही मोठी गोष्ट आहे. मग ते पडदे काढायला माळ्याकडे वळले.

तेल भरायला, वाती सारख्या करायला आम्ही तिघंही लागलो. मला काचांवरची काजळी पुसायचं काम मिळालं आणि माझी साडी खराब झाली. सगळं झाल्यावर दिवेवाले म्हणाले, आता तुम्ही दोघी बसा आत, मी लावतो.

"नाही," मी म्हटलं. "आधी या बसतील, एकट्या. यांचं झालं की मी."

त्यांनी दोघींकडे आळीपाळीनं पाहिलं. एवढ्या श्रमानंतर दोघींनी एकत्र बसायला काय होतंय, असं त्यांना वाटत असणार, आणि वाटणं बरोबरच होतं. पण बाईंनी पदर खोचला आणि आत जाऊन खोलीच्या बरोबर मध्यावर पाट ठेवून बसल्या. दिवेवाल्यांनी एकेक करून सगळे पेटवले आणि बाहेर येऊन दार ओढून घेतलं. आम्ही दोघं बाकावर बसलो. आतून काही आवाज येईना. ते दोनदा उठले. ती एकटी आहे आत, म्हणाले, काही लागलं तर? मी म्हटलं, लागलं तर हाक मारतील. बऱ्याच वेळानं त्या बाहेर आल्या. डोळे लाल होते, धुरानं असतील. म्हणाल्या, "बराच धूर होतो. पण जा तुम्ही."

मी गेले. खोटं कशाला सांगू, स्वर्ग वगैरे काही उतरला नव्हता. रॉकेलच्या वासानं डोकं गरगरत होतं. दोन चिमण्या फडफडून विझल्या होत्या. गॅसबत्ती इतकी फुसफुसत होती की दुसरं काही सुचू नये. उकाड्यानं मानेवरून घाम ओघळत होता. पण चारी भिंतींवर उजेड हलत होता आणि तो बघायला खोलीत फक्त मी होते. मला गर्व वाटला. रडू आलं नाही, भक्ती दाटून आली नाही, कोणाची आठवणही आली नाही. मी बसून होते, माझ्यासाठी एवढे दिवे लागले होते, आणि त्यात माझं काही चुकलेलं नव्हतं. एखादी गोष्ट आपल्यासाठी केली गेली आणि आपण लगेच उठून ओट्याशी गेलो नाही, असं माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं.

बाहेर आले तर दिवेवाले विचारत होते, मग आता मी जाऊ का? त्यांच्या बायकोनं त्यांना आत पाठवलं आणि दार ओढलं. आम्ही दोघी बाकावर बसलो. चहा कोणीच केला नाही.

दुसऱ्या दिवशी मीच मुलाला फोन लावला. येते म्हणाले. तो खूश झाला, लाडवांचं बोलायला लागला. मी म्हटलं, थांब, आधी ऐक. लाडू आणीन, बाळाला न्हाऊमाखू घालीन, रात्री जागीन, कशालाही नाही म्हणणार नाही. पण रविवार माझा. मला तू सकाळी गाडीनं शिवणयंत्रांच्या त्या संग्रहालयापाशी सोडायचंस आणि संध्याकाळी न्यायला यायचंस. पुढच्या रविवारी दुसरीकडे. तो म्हणाला, ठीक आहे, तुझी इच्छा.

"आणि रविवार तिचाही," मी म्हटलं. "बाळ थोडं मोठं झालं आणि तिच्या अंगात जोर आला की तीही जाईल. कुठे, ते तिनं तुला सांगायची गरज नाही."

मग समजूतदारपणे म्हणाला, चांगलं आहे की, दोघी मिळून जा, तुला सोबत होईल, तिला वाट माहीत आहे.

मी म्हटलं, "नाही. ती एकीकडे, मी एकीकडे."

पलीकडे बराच वेळ नुसती खरखर ऐकू आली. माझा मुलगा हुशार आहे, मोठमोठ्या कंपन्यांचे अडलेले हिशेब तो बसल्या जागी सोडवतो. मी वाट पाहिली. मग त्यानं अगदी खरोखरच कळत नसल्यासारखं विचारलं, "मग मुलांना कोण बघणार?"

त्याच्या मागे, फोनपासून लांब, सून मोठ्यानं हसली. मी त्याचं त्यालाच सुचू दिलं.